झाल्मन-सानच्या कार्डांची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. १९४१ सालच्या हिवाळ्यात कोबे शहरातल्या एका सुताराने मला बनवलं. त्याच्या शेजारच्या घरात ज्यू निर्वासितांची समिती होती. मित्रांनो, युरोपात नाझींनी ज्यू लोकांचं जगणं अशक्य केलं होतं. पुढे त्यांनी लाखो जणांना ठार मारलं. वेळेत निसटलेले काही जण रशिया ओलांडून बोटीने जपानला येत. त्यांना इथे जेमतेम दोन आठवडे राहता येई. समितीचे प्रमुख झाल्मन-सान (जपानीत 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई') मुदत वाढवून घ्यायला रोज सरकारी कचेरीत जाऊन उभे राहत, आणि प्रत्येक कुटुंबाचं एक कार्ड इंग्रजीत लिहून माझ्यात ठेवत. नाव, गाव, कोणतं काम येतं, मागे कोण राहिलं.

शनिवार हा ज्यू लोकांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी लिहायचंही नसतं. अशाच एका शनिवारी त्रेचाळीस जण आले. झाल्मन-साननी सगळ्यांची नावं ऐकून पाठ केली आणि आकाशात चांदण्या दिसून तो दिवस संपल्यावरच लेखणी उचलली. एक नाव काही केल्या आठवेना. "माणूस बोटीतून सुखरूप उतरला आणि माझ्या डोक्यातून हरवला!" असं पुटपुटत ते सकाळी पुन्हा त्याच्याकडे गेले आणि नाव घेऊनच परतले. तेव्हा मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

त्यांना स्वतःला अर्जेंटिनाचा परवाना मिळाला होता. ते गेले नाहीत. उरलेल्यांना जपान सरकारने शांघायला धाडलं, तेव्हा त्यांच्याबरोबर बोटीत चढले. निघताना सुताराला म्हणाले, "एवढी नावं जवळ बाळगणं धोक्याचं आहे. कोणी आमची चौकशी करत आलं, तर ही पेटी दे." पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही.

कोणीच आलं नाही. बॉम्बहल्ल्यात घर जळालं, तेव्हा सुताराने एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने मुलीला उचललं. ती मुलगी म्हणजे हायासे-सान. आता वय सत्त्याऐंशी, मुक्काम टोकियोतलं फुनाबोरी.

गेल्या वर्षी हायासे-सान वृद्धाश्रमात जायला निघाल्या. शेजारची पुण्याची सुनीता आवराआवर करायला आली. जपानात तीस सेंटीमीटरहून मोठी वस्तू टाकायची, तर तिच्यावर स्टिकर लावून ती वेगळ्या ट्रकला द्यावी लागते. मी चौतीस भरले. स्टिकर लागलं. कागदाचा कचरा निराळा, म्हणून सुनीताने कार्डं काढली, सुतळीने बांधली आणि दाराशी ठेवली. मी रिकामी झाले. इतकी भीती मला बॉम्बहल्ल्यातही वाटली नव्हती.

सुनीताचा नवरा केदार तोयोसुच्या ऑफिसातून थेट मदतीला आला आणि गठ्ठ्याला अडखळला. झटकन वाकून त्याने गठ्ठ्याला हात लावला, मग तो कपाळाला.

"अरे, उद्या रिसायकलिंगला जाणार आहेत ते," सुनीता हसली. "रद्दीच्या काय पाया पडतोस?"

"आणि बांधताना तुझा पाय लागला असता तर?"

"लागलाच. पडलेच ना मीही पाया मघाशी. दोनदा."

हायासे-सान बघत होत्या. "हे काय केलंत तुम्ही?" त्यांनी जपानीत विचारलं.

"आमच्याकडे लिहिलेल्या कागदाला पाय लागला, की त्याची माफी मागतात," केदार म्हणाला.

हायासे-सान गठ्ठ्याशेजारी येऊन बसल्या. मग त्यांनी वडिलांनी झाल्मन-सानना दिलेला शब्द सांगितला. "ऐंशी वर्षं वाट पाहिली. आश्रमात जागा नाही. वाटलं, आता कोणालाच नको असेल."

सुनीताने सुतळीची गाठ सोडली. "कोणी आलं नाही ना, मग आपण शोधू. केदार, प्रत्येक कार्डाचा फोटो काढ. आणि आधी ते स्टिकर सोडव!"

एकशे अठरा कार्डं होती. तीन रविवार गेले. फोटो त्या निर्वासितांच्या इतिहासाच्या अभ्यासकांकडे पोचले आणि डिसेंबरात माँट्रियलहून एक निवृत्त नर्स व्हिडिओ कॉलवर आल्या. केदारने त्यांच्या वडिलांचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून वाचलं, "शिंपीकाम येतं. मागे राहिली : धाकटी बहीण एस्तेर, वय नऊ."

पलीकडे त्यांनी ते नाव कागदावर लिहून घेतलं.

"बाबा तिच्यासाठी दरवर्षी मेणबत्ती लावायचे," त्या म्हणाल्या. "नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आम्हाला ते माहीतच नव्हतं."

हायासे-साननी स्क्रीनपुढे खोल वाकून नमस्कार केला. "फार उशीर झाला. माफ करा."

"यंदा मेणबत्ती लावताना आम्ही तिला नावाने हाक मारू," त्या बाई म्हणाल्या.

आता मी सुनीताच्या कपाटावर असते. माझ्या पोटात कार्डं परत आली आहेत आणि शोध चालू आहे. हायासे-सान दर रविवारी आश्रमातून फोन करून विचारतात, "आज कोण सापडलं?" मित्रांनो, घर आवरताना हाताने लिहिलेला कागद दिसला, तर टाकण्याआधी तो एकदा वाचा. त्यातल्या माणसाचं नाव कोणाला तरी हवं असेल.