खाऱ्या पाण्यातली चादर

मैनाबाईचा आपल्या धुण्यावर भारी भरवसा. आजाऱ्याचं कापड सोडा टाकून उकळावं, मोगरीनं चोपावं अन् कडक उन्हात वाळवावं, रोग घरात ठरतच नाही, असं ती साऱ्या आळीला सांगायची. अन् खोटं काय होतं त्यात? तिच्या मायनं, सासूनं असंच धुतलं.

पण घरात आली बांबूच्या धाग्याची चादर. नवरा नत्थुजी लकव्यानं खाटेला खिळलेला. पडून पडून पाठीची साल निघालेली. जखम चिघळली तर जड जाईल, मऊ अंथरा, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून अमरावतीला नोकरी करणाऱ्या लेकीनं, रागिणीनं, ही चादर पाठवली. मैनाबाईला हसूच आलं. "बांबूच्या टोपल्या होतात वं माय, चादर कशी झाली?" पण हात लावला तर लोण्यावाणी! नत्थुजी तिच्यावर कण्हल्याशिवाय झोपू लागले. जखमेवर नवी कातडी धरू लागली.

"आई, गोड्या थंड पाण्यात धू," रागिणीनं फोनवर सांगितलं. "सोडा नको, मोगरी नको. सावलीत वाळव."

सांगायला काय जातं! मूर्तिजापूरजवळचं हे गाव खारपाण पट्ट्यातलं. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. गोडं पाणी नळाला येतं तेव्हा येतं. ते धुण्यात घातलं तर प्यायचं काय, कपाळ?

चादरीला जखमेचा पू लागला तेव्हा नळ कोरडाच होता. मैनाबाईनं बोअरच्या पाण्यात चादर घासली. डाग जाईना, वास जाईना. जखमेखाली असलं घाण कापड अंथरायचं कसं? तिचा जीव राहीना. तिनं चूल पेटवली, सोडा टाकून चादर उकळली, मोगरीनं चोपली, उन्हात टाकली. करायले गेली गणपती अन् झाला मारुती! चादर पापडावाणी कडक झाली, अंगभर खाराचे पांढरे डाग. पुन्हा भिजवली, पुन्हा वाळवली. छे! बाईला रडूच फुटलं.

दुसरी चादर म्हणजे जुनी जाडीभरडी. तिच्यापेक्षा हीच बरी म्हणून तिनं हीच अंथरली.

"आवो, टोचून तं नाही राहिली?"

नत्थुजींची जीभ जड झाली होती, तरी बोलणं समजायचं. "नाही. मऊ हाये."

तिला हायसं वाटलं. आपण उगीच घाबरलो, मनाशी म्हणाली.

सकाळी कूस बदलायला त्यांना वळवलं तर चादर पाठीला चिकटलेली. सोडवता सोडवता नवी कातडी तिच्यासंगं निघून आली.

"टोचत होती तं सांगतलं काहून नाही?" मैनाबाई ओरडलीच त्यांच्यावर.

नत्थुजींचं तोंड भिंतीकडे होतं.

"सांगून तू काय करनार होती, मैना?"

पदर घेऊन ती रक्त टिपत बसली.