कानाची मशीन

परसरामचं डोकं आता चालत नाही, हे घरात सगळ्यांनी मनोमन मान्य करून टाकलं होतं. वरठीच्या कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त होऊन त्याला सात वर्षं होत आली होती. सुनेनं, मनालीनं, जिरं सांगितलं की तो मिरं आणायचा. सात तारखेचं लग्न आठला धरून बसायचा. रविवारी विहारात जाणं त्यानं सोडलं होतं. विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगायचा. खरं म्हणजे समोरचा काय बोलतो ते कळेना आणि नुसती मान डोलावण्याचा त्याला कंटाळा आला होता. वडिलांचं डोकं म्हातारपणी कसं गेलं ते त्यानं पाहिलं होतं. तेच आपल्याही वाट्याला आलं, असं धरून तो गप्प राही.

मुलगा अनुप त्याला भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी कागदावर घड्याळ काढायला लावलं. पाच शब्द लिहून दाखवले आणि थोड्या वेळानं विचारले. परसरामनं पाचही सांगितले. मग कान तपासले, तर तेच निम्मे गेलेले. बाईंनी समजावलं की ऐकू येईनासं झालं की माणूस बोलणं सोडतो आणि डोक्याचं काम कमी होतं. कानाला मशीन रोज लावायची, पायी फिरायचं, चार माणसांत बसायचं, बीपीची गोळी चुकवायची नाही.

मशीन लावली आणि घर त्याला गोंगाटाचं वाटलं. पंखा, भांडी, स्वतःचाच घास चावणं. तासाभरात ती डबीत गेली. अनुप चिडला. बायको मंगलाबाईनं ती डबी उचलून फळीवर ठेवली.

चौथ्या दिवशी मशीन लावून तो अंगणात बसला होता. भिंतीपलीकडे मंगलाबाई शेजारच्या रुखमिणीशी बोलत होती. तुझ्या बहिणीच्या ऑपरेशनचं नवऱ्याला सांगितलं का, असं रुखमिणीनं विचारलं.

"त्याइले आता मी काही सांगतच नाही," मंगलाबाई म्हणाली. "एक गोष्ट तीनदा ओरडून सांगा लागते. थकते मी."

ती रागानं बोलत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

संध्याकाळी चहा घेताना परसरामनं विचारलं, "इतक्या दिवसांत तू मले काय काय नाही सांगितलं?"

"एकदम कसं आठवन?"

"मंग रोज थोडं थोडं सांग."

तेव्हापासून दोघं संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यानं चालू लागली. तिच्या काही बातम्या शिळ्या झाल्या होत्या. मावसभावांचं भांडण केव्हाच मिटलं होतं आणि त्याला ते आता कळत होतं. मशीन आधी दोन तास, मग दिवसभर कानात राहू लागली. विहारातही तो जाऊ लागला, पुढच्या रांगेत बसू लागला.

धानकापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मंगलाबाई चालता चालता थांबली. दोन महिन्यांपासून तिला माणसांची नावं आठवत नव्हती. काल मनालीचंही आठवलं नाही, असं तिनं सांगितलं.



"गुरुवारी अनुपले सुट्टी हाये," परसराम म्हणाला. "डॉक्टरीणबाईकडे जाऊ."

मंगलाबाईनं नको म्हटलं नाही.