ओढ्याच्या पाण्यातले जाम

पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात, आणि अमडापूरच्या बाजारात जाम म्हटलं की गफ्फारचाचा. तीस वर्षांत त्यांनी नळाचं पाणी फळांजवळ फिरकू दिलं नव्हतं. त्याला औषधाचा वास मारतो म्हणे! म्हणून हा माणूस सकाळीच मैलभर चालून ओढ्याचं पाणी आणायचा आणि टोपलीतल्या जामांना लाडाने आंघोळ घालायचा. जाम कसे चकचकीत दिसायचे!

यंदा त्याच जामांनी अर्ध्या गावाला परसाकडे पळवलं. दवाखान्यातल्या श्रद्धा सिस्टरने तपासण्या करवल्या, तर पोटात परजीवी जंतू निघाले. तेवीस रोग्यांना तिने काय खाल्लं ते विचारलं. तेवीस जणांनी जामच सांगितला.

"चाचा, जामाले पाणी कुठलं मारता?"

चाचांनी कौतुकाने ओढा दाखवला. वरच्या अंगाला यंदा लोक डबे घेऊन परसाकडे बसू लागले होते. सिस्टरने नुसतं तिकडे बोट दाखवलं आणि चाचा मटकन खाली बसले. त्यांचंही पोट चार दिवस बिघडलं होतं आणि त्यांनी बायकोच्या, गौसियाचाचीच्या, खिम्याला नावं ठेवली होती!

औषधाने गाव बरं झालं. पण आता आपल्या हातचं कोण खाणार, या विचाराने चाचांना घास गिळवेना. शेवटी ते तेवीसही घरी जाऊन सांगून आले, "चूक मायी होती." पहिली माफी मात्र चाचीने वसूल केली, खिम्याची.

पुढच्या बाजारी चाचा नळाचं पाणी, तांब्या आणि साबण घेऊन बसले. लोक हसून रामराम करत आणि पुढे जात. दुपार झाली तरी एक जाम खपला नाही.

मग शैलजाबाई आल्या. शाळेतल्या या बाईंना तीन दिवस सलाईन लागलं होतं. चाचांनी मान खाली घातली.

"काऊन चाचा, बसून काय राह्यले? जाम द्या ना."

चाचांनी हात धुतले, मग जाम चोळचोळून धुतला. बाईंनी हुंगून नाक मुरडलं.

"दवाईचा वास येऊन राह्यला जी!"

चाचांचा चेहरा पडला. तेवढ्यात बाईंनी कचकन मोठा घास तोडला.

"पण गोड हाये. दोन किलो द्या, शाळेतल्या पोराईले वाटाचे हायेत."

पोरांना! चाचांना रडूच कोसळलं. बाईंमागे आणखी चौघं येऊन उभी राहिली. आनंदाने डोळे पुसत चाचांनी टोपलीत हात घातला, तशा बाई कडाडल्या, "चाचा! डोळे पुसले ना? पयले हात धुवा!"

सगळे खदखदून हसले. सगळ्यांत मोठ्याने चाचा, साबण शोधता शोधता.