निळ्या कोटाला आमंत्रण

लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात चष्मेवाल्या काकांची हयात गेली, आणि नाचायला आले ते मात्र चष्मा खिशात ठेवून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तसा दोष सगळा त्यांचा नव्हता. टँगो नाचायचा तो गालाला गाल लागेल इतकं जवळ धरून. मध्ये चष्म्याची काडी आली की जोडीदाराला टोचणार. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. शिवाय कुणाच्या खुर्चीपाशी जाऊन "नाचता का?" असं विचारायचं नाही. लांबूनच नजर द्यायची. समोरून मान हलली तर उठायचं, नजर वळली तर गुमान बसायचं. चारचौघांत कुणाचा पाणउतारा नको.

बायको गेल्यापासून काकांना दुकान आणि घर, एवढंच माहीत. धाकट्या मेहुणीने ओढूनताणून त्यांना क्लासला घातलं. तिथे पावलं जमली, पण या नाचाच्या हॉलमध्ये दोन शनिवार कुणी होकार दिला नव्हता. आजही बसूनच राहिलो तर नवे बूट माळ्यावर टाकणार, असं त्यांनी मेहुणीला सांगून ठेवलं होतं.

समोरच्या निळ्या पोशाखातल्या बाईंकडे बघून त्यांनी अदबीने मान लववली. बाई ढिम्म. त्यांनी पुन्हा लववली.

"भावोजी," मेहुणी कानाशी म्हणाली, "मघापासून त्या कोटाला काय खुणावताय?"

काकांनी चष्मा लावला. खुर्चीच्या पाठीवर कोटच होता. शेजारी कोटाची मालकीण, बेकरीवाल्या बाई, हसू दाबत त्यांच्याकडेच बघत होत्या. काका कानापर्यंत लाल झाले, पण नजर काढली नाही. बाईंनी मान हलवली.

"मला वाटलं, तुम्हाला कोटच पसंत आहे," जवळ गेल्यावर त्या म्हणाल्या. "हा तिसरा शनिवार, मी वाट बघतेय."

चष्मा पुन्हा खिशात गेला. बाईंच्या केसांना ताज्या पावाचा वास होता. इतक्या जवळून कुणाचा श्वास ऐकून काकांना वर्षं झाली होती. आपल्याला हे किती हवं होतं, ते त्यांना आत्ता कळलं. एकदा त्यांचा पाय बाईंच्या बोटांवर पडला. बाई तशाच नाचत राहिल्या. नाचताना चुका काढायच्या नाहीत, हाही तिथला नियमच.

त्या फेरीची गाणी संपल्यावर रिवाजाप्रमाणे काका त्यांना खुर्चीपर्यंत सोडून आले.

"मग, बूट माळ्यावर ना?" मेहुणीने विचारलं.

काकांनी चष्मा पुसून नाकावर चढवला आणि समोर पाहिलं. बाईंनी कोट उचलून खुंटीला टांगला होता. शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि त्या काकांकडेच बघत होत्या.