रिकामा डबा आणि सोनेरी चौकट

खट्ट! प्राचार्यांचा अहवाल वाचून संपला की मीटिंगच्या खोलीत माझं झाकण असं उघडे. लगेच नऊच्या नऊ माना माझ्याकडे वळत. मित्रांनो, मी किलपारा कॉलेजचा केकचा जुना डबा आहे. माझ्या अंगावर पूर्वी गुलाबी काकाकुवे होते. आता एकाची फक्त शेपटी उरली आहे.

किलपाऱ्यात मेंढ्या पुष्कळ, माणसं थोडी. कॉलेजच्या मंडळावरचे नऊ जण बिनपगारी येत, कुणी कुणी तर ऐंशी किलोमीटरवरून. त्यांना धरून ठेवायचं काम माझं. त्या दिवशी ज्याने सर्वांत उपयोगाचं काही सांगितलं असेल, त्याच्या हाती शेवटी मला रिकामा देत. पुढच्या महिन्यात त्याने मला भरून आणायचं. मी घरात असलो की दांडी मारायची सोय नसे. मर्व्ह डूलन तर एकदा लोकर कातरणं अर्ध्यावर टाकून मला घेऊन आले. मेंढी अर्धी उघडी, केक अर्धा कच्चा, पण आले.

मग नवे प्राचार्य आले, डॉक्टर विदर्स. माणूस भला, पण फार नीटनेटका. सन्माननीय सभासदांच्या हाती असला पोचे आलेला डबा द्यायचा, हे त्यांना बघवेना. त्यांनी मला कागदांच्या कपाटात ठेवलं आणि नऊ जणांना घरपोच चौकटी पाठवल्या. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : ‘आपल्या सेवेबद्दल कॉलेज कृतज्ञ आहे.’

पुढच्या मीटिंगला तिघे आले. त्याच्या पुढच्यालाही तेच तिघे.

मंडळाची चिटणीस केरिन घाबरली. नर्सिंगचा नवा वर्ग मंजूर करायला मंडळाचे निदान पाच जण हजर हवेत, आणि शुक्रवार ही शेवटची तारीख. चुकली तर वर्ग दुसऱ्या गावाला जाणार. त्या वर्गासाठी पहिलं नाव केरिननेच घातलं होतं. सहा वर्षांच्या लेकीला, एल्सीला, घेऊन तीनशे किलोमीटर लांब शिकायला जाणं तिला कसं जमणार? तिने मर्व्हना फोन लावला. मी कपाटातून कान देऊन ऐकत होतो.

“मर्व्ह, शुक्रवारी येताय ना?”

“मी कशाला? मला काढलंत की!”

“अहो, कुणी काढलं?”

“चौकट आली ना घरी! आपल्याकडे चौकट कधी देतात गं? पोस्टमास्तर रिटायर झाला तेव्हा दिली. नाहीतर माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला देतात. मी अजून धडधाकट आहे, बाई! आपल्या मंडळातली ती नॉरीन पास्को तर चौकट बघून दोन दिवस जेवली नाही.”

“अहो, ते कौतुक होतं तुमचं!”

“कौतुक? मग डबा कुठाय?”

केरिनने फोन ठेवला, मला कपाटातून ओढून काढलं, एल्सीच्या मांडीवर बसवलं आणि गाडी काढली ती थेट मर्व्हच्या दारात. तिथे तिने नुसतं माझं झाकण उघडून दाखवलं.

मर्व्हनी आत डोकावून बघितलं. “रिकामाच आहे की,” ते म्हणाले. मग बाहीने नाक पुसलं. “शुक्रवारी कितीला?”

शुक्रवारी ते वाटेत थांबून नॉरीनबाईंनाही घेऊन आले. केक एका बाजूने करपलेला, दुसऱ्या बाजूने बसलेला.

“हा केक आहे की तुमच्या गोठ्याचं छप्पर?” नॉरीनबाईंनी विचारलं.

“खाऊन बघ. गळत नाही.”

पाच हात वर झाले. वर्ग मंजूर! डॉक्टर विदर्सनी दोन तुकडे खाल्ले. दुसरा बहुधा शिक्षा म्हणून.

मित्रांनो, आभार कुणाला नको असतात? पण ‘पुढच्या महिन्यात तुमच्यावाचून अडेल’ हे ऐकायला माणूस ऐंशी किलोमीटर येतो. म्हणून माझ्यासारख्यांना घासा, पुसा, पण कपाटात कोंडू नका. आम्हाला घरोघर फिरू द्या.

निघताना प्राचार्यांनी मला केरिनच्या हाती दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केरिनचे डोळे भरून आले. आता नोकरी, घर, एल्सी आणि वर्गाचा अभ्यासही.

गाडीत एल्सीने माझं झाकण काढलं आणि आत डोकं घातलं.

“आई, ह्यात तर काहीच नाहीये. मग हे बक्षीस आहे की काम?”