नकल्याला लपवणारा पडदा

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना पडदा आहे. माझ्या कडा भुसभुशीत झाल्या आहेत आणि एका घडीला वाळवी लागून गेली आहे. खिडकीला लावतात तसला पडदा मी नाही. मी टेबलावर उभा राहतो, तीन घड्यांचा, हातभर उंच. माझ्या आड बसून एक मुलगी खेळ चालवायची आणि माझ्यासमोर तिचे मित्र बसायचे. तिच्या बाजूला काय चाललं आहे ते त्यांना दिसू नये, एवढंच माझं काम. लपवण्यासाठीच जन्मलो, म्हणून माझा स्वभावही संशयी झाला. आजही कोणी हळू आवाजात बोललं की मला वाटतं, यात काहीतरी आहे.

माझा जन्म १९९९ च्या उन्हाळ्यात ऊर्जानगर या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरमध्ये झाला. गुणवंतरावांनी रंगीत टीव्ही आणला. त्याचा खोका अडगळीत जायचा होता, पण त्यांच्या मयुरीनं ब्लेडनं त्याची एक बाजू कापली, मैद्याची खळ करून तिच्यावर जुन्या कॅलेंडरचे कागद उलटे चिकटवले आणि बाहेरच्या अंगावर खडूनं तीन वीर काढले. तो पुठ्ठा म्हणजे मी. मयुरी नुकतीच दहावीला बसली होती आणि सुट्टी लांबलचक होती. तिच्या मामानं सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक फाटकं इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. त्यात सुपरहिरोंचा एक खेळ होता.

या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक वीर व्हायचं. "आता तू काय करतो?" असं सांगणारी विचारते. खेळणारा ठरवतो. ते जमलं की फसलं हे लुडोचे दोन फासे सांगतात. वीर सोडून बाकी सगळी माणसं मयुरीच व्हायची. ती ज्यांना घाबरवायची त्यांना माझ्याआडून घाबरवायची.

खेळायला तिघं यायचे. शेजारच्या क्वार्टरमधला प्रफुल झाला 'हायटेन्शन', हातातून वीज सोडणारा. मागच्या गल्लीतली डिंपल झाली 'गवा', तिच्या धडकेनं भिंती पडायच्या. आणि इरई नदीपलीकडच्या गावातून सायकलनं येणारा, प्रफुलच्याच वर्गातला स्वप्निल झाला 'पाणबुड्या'. त्याचे वडील मनसाराम तळ्यात जाळं टाकत. पाणबुड्याला पाण्याखाली राहता यायचं, आणि काठावर बोललेलं सारं पाण्यातून ऐकू यायचं. दुपारी बाहेर जीव घाबरा व्हायचा आणि आत कूलरच्या घरघरीत ही चौघं वाघासारखी सावध होऊन बसायची.

पहिल्याच गोष्टीत नकल्या आला. हा नाटकमंडळीतला माणूस, कोणाचाही चेहरा आणि आवाज घेणारा. ज्याचा आवाज घेतला तो मुका होई. वडसाच्या नाटकाच्या मंडपात अख्खं गाव मुकं करून तो निघाला होता, तेव्हा तिघांनी त्याला रंगमंचाच्या पडद्यामागं गाठलं. प्रफुलला त्याला तिथंच जाळायचं होतं.

स्वप्निल म्हणाला, "त्यानं साऱ्यांचे आवाज वापस केले. हात जोडून राह्यला. जाऊ दे ना गा."

डिंपलनंही मान डोलावली. नकल्या सुटला. मयुरीनं माझ्यावरून तिघांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तो जाते. पण जाताजाता तुमचे चेहरे नीट पाहून घेते."

पुस्तकात असं काही लिहिलेलं नव्हतं. मयुरीनं मनाशी एकच नियम केला होता, की खेळणाऱ्यांनी जे केलं ते गोष्टीतून पुसायचं नाही. त्यामुळे पुढच्या रविवारी नकल्या चिमूरला हायटेन्शनचा चेहरा घेऊन आला आणि त्यानं दवाखान्याची वीज तोडली. खरा हायटेन्शन तिथं पोहोचला तर लोकांनी त्याच्यावर दगड उचलले. प्रफुलचा चेहरा उतरला. "सोडला तुमी, आन भोगून राह्यलो मी," तो म्हणाला.

त्याच दिवशी पाणबुड्या तळ्यावर एकटा पहाऱ्याला थांबला. मयुरीनं बाकी दोघांना व्हरांड्यात पाठवलं. माझ्याआड, माझ्या देखत, फासे पडले आणि पाणबुड्या हरला. नकल्यानं त्याला मुका करून कोंडलं आणि त्याचा चेहरा घेतला.

"आतापासून तू नकल्या," मयुरी कुजबुजली. "त्याईच्यात राहून त्याईचे बेत मले सांगायचे. खेळशील?"

स्वप्निलनं जरा वेळ फासे हातात फिरवले. "खेळतो. पण मंग तूही कोणाले सांगायचं नाई."

तिनं शब्द दिला. मित्रांनो, त्या घटकेपासून मला चैन नव्हतं. माझ्या एका बाजूला खरं होतं आणि दुसऱ्या बाजूला दोन चेहरे ते शोधत होते.

मग प्रत्येक बेत फसू लागला. वीर जिथं जाळं लावत तिथून नकल्या आधीच निघून गेलेला असे. प्रफुलला आधी मयुरीचा संशय आला. ती पाणी आणायला उठली तेव्हा त्यानं माझी घडी उचलून आत पाहिलं. आत पेन्सिल आणि फासे, दुसरं काहीच नव्हतं. घडी सोडताना त्याची नजर स्वप्निलवर गेली आणि तिथंच अडकली.

इथवर खेळच होता. पण त्याच आठवड्यात प्रफुलच्या बाबांना कळलं, की पोरगा ट्यूशन बुडवून तुकूमला व्हिडिओ गेमच्या दुकानात जातो. घरी मार बसला. ही गोष्ट स्वप्निलला ठाऊक होती. प्रफुलनं खेळातलं आणि घरातलं एकाच धाग्यात ओवलं. त्यानं स्वप्निलला काही विचारलं नाही. तो क्वार्टरमध्ये सांगत फिरला, की हा गावातला पोरगा घराघरात बसून कान देतो आणि चुगल्या करतो.

मयुरीची आई नीलाबाई एक दिवस म्हणाली, "त्या पोराले घरात काऊन बसवता वं? लोकं काईबाई बोलून राह्यले."

मयुरीनं मला घडी घालून छातीशी धरलं. तिचं मन मला पुठ्ठ्यातून कळलं. स्वप्निल खोटं बोलत होता खरा, पण तिच्या सांगण्यावरून. तोंड उघडावं तर दिलेला शब्द मोडतो, आणि न उघडावं तर पोरगा नाहक बदनाम होतो. तिनं ते रविवारवर टाकलं. ते तिचं चुकलंच, असं मला आजही वाटतं.

रविवारी स्वप्निल आला, पण त्याला कोणी बसायला जागा केली नाही. तो दाराजवळ खुर्ची ओढून बसला. गोष्ट इरईच्या धरणावर आली होती. हायटेन्शननं पाणबुड्याला भिंतीच्या टोकाशी गाठलं.

"जिथून नकल्या निसटते तिथं हा आधीच असते," प्रफुल म्हणाला. "मी वीज सोडतो. पूर्ण जोरानं."

त्यानं फासे फेकले. दोन्हीवर सहा. एवढ्या वारानं समोरचा वाचत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

डिंपलनं फाशांवर हात ठेवला. "थांब. तो मरायच्या आधी मी त्याले इचारते." ती स्वप्निलकडे वळली. "तू पाणबुड्या आहेस का नकल्या?"

इतक्या दिवसांत त्याला सरळ असं कोणीच विचारलं नव्हतं. त्यानं मयुरीकडे पाहिलं. तेव्हा तिनं मला दोन्ही हातांनी धरून टेबलावर आडवं केलं. पहिल्यांदाच मी चालू खेळात उताणा पडलो आणि चौघांना एकमेकांचे हात दिसले.

"हा चिमूरपासून नकल्या आहे," ती म्हणाली. "म्या बनवला. बेत तो मलेच सांगत होता. खेळातली चुगली माही आहे. तुह्या घरी कोणी सांगितलं ते मले माहीत नाई."

प्रफुलनं विचारलं, "मंग कोणी सांगितलं?"

"तुहे बाबा कंपनीच्या बसमध्ये होते गा," स्वप्निल म्हणाला. "तू दुकानाच्या दारात उभा होता. बस तिथूनच गेली. म्या पाह्यलं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तू इचारलंच नाई."

प्रफुलनं फासे उचलून डिंपलच्या हातात दिले. "वार अजून लागला नाई, मागं घेतो," तो म्हणाला. "नकल्या, खरा पाणबुड्या कुठी आहे?"

आता उत्तर स्वप्निलनं ठरवायचं होतं. त्याला खोटं सांगता आलं असतं. पण ज्यानं वडसाला आपल्याला सोडलं त्यालाच आपण कोंडलं, हे नकल्याला आठवलं असावं. त्यानं तळ्याच्या तळाशी असलेली कोठडी सांगितली. त्या दिवसाचा खेळ संपला. स्वप्निल सायकल घेऊन निघून गेला आणि पुढचा रविवार आला तरी फिरकला नाही.

मग एका सकाळी प्रफुल इरईपलीकडे त्याच्या गावी गेला. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पुठ्ठ्याला सायकलवर कोण नेणार? परत आला तो आधी नीलाबाईकडे. ज्या ज्या घरी तो बोलला होता त्या त्या घरी जाऊन, चूक माझी होती, असं सांगून आला. काहींनी ऐकलं. काहींनी आधीची गोष्टच धरून ठेवली. पसरलेला संशय सगळा गोळा होत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

स्वप्निल आला, पण जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधल्या रविवारी. मयुरी मला टेबलावर आडवंच ठेवून फासे टाकायला लागली होती. माझी त्यांना लाज वाटत असेल, असं धरून मी पडून राहिलो.

प्रफुलनं माझी घडी उचलली आणि मला उभं केलं. "पडदा लाव वं," तो मयुरीला म्हणाला. "लपवलेलं नसलं तर मजा नाई." मग शेजारी पाहून, "स्वप्न्या, या खेपेला कोण आहेस ते सांगू नको."

स्वप्निल हसला. त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

पुढं चौघं शिकायला पांगली आणि मी माळ्यावर गेलो. ओल आली, वाळवी आली. आता मयुरी गडचिरोलीला शिकवते आणि मी तिच्या कपाटामागं असतो. कधी आठवण झाली तर ती मला उन्हात ठेवते.

मित्रांनो, माझ्यासारख्या पुठ्ठ्याला कोरडी जागा द्या, एवढी विनंती आहे. आणि तुमच्यातल्या कोणावर मन खट्टू झालं, तर त्याच्याविषयी दारोदार बोलू नका. आधी त्याच्यासाठी टेबलाजवळ खुर्ची ठेवा आणि त्यालाच विचारा. मी कितीही ताठ उभा असलो तरी माझ्यावरून एकमेकांचे डोळे दिसतात. मयुरीनं मला तेवढंच उंच कापलं आहे.