डावीकडचा ग्लास

“पहिला ग्लास डावीकडचा,” उस्ताद म्हणाले. “उचला, पण प्यायची घाई नको.”

चौघांनी ग्लास उचलले. प्रत्येकापुढे असे तीन ग्लास होते, सगळे गडद निळ्या काचेचे. रंग दिसला की माणूस नाकाचं ऐकत नाही, असं उस्तादांचं म्हणणं. ते टेबलापलीकडे उभे होते. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या नीट दुमडलेल्या, हातात स्वतःचा ग्लास. सगळी नोकरी याच हॉटेलच्या बारमागे झाली होती आणि आजची संध्याकाळ शेवटची होती.

जुन्या मालकांनी एकदा जपानहून एकाच कारखान्याच्या तीन व्हिस्क्या मागवल्या होत्या, प्रत्येकीच्या दोन बाटल्या. तिन्हींचं वय पंचवीस वर्षं. फरक फक्त पिंपाचा. एक बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेली, दुसरी शेरी या स्पॅनिश वाइनच्या, तिसरी मिझुनारा नावाच्या जपानी ओकच्या. ते लाकूड हट्टी, त्याचं पिंप गळतं, पण नीट मुरू दिलं तर दारूला चंदनाचा वास येतो. पहिल्या तीन बाटल्या तेव्हाच फोडल्या होत्या आणि त्या दिवशीही हेच चौघं बसले होते: वकीलसाहेब, वकिलीणबाई, छापखानेवाले आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टरांनी तिन्ही चुकवल्या होत्या. शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीला तर ते खोकल्याचं औषध म्हणाले होते. वकीलसाहेबांनी ते आजतागायत विसरू दिलं नव्हतं. उरलेल्या तीन बाटल्या उस्तादांच्या निवृत्तीला फोडायच्या, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं. मालक गेले, मुलाने वडिलांचा शब्द पाळला.

या चौघांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. गेल्या हिवाळ्यात ताप येऊन गेल्यापासून उस्तादांना वास येत नव्हता. ते कळलं तेव्हा ते शेगडीशेजारीच पेपर वाचत उभे होते आणि बायको न्हाणीघरातून धावत आली होती. “अहो, घरभर जळका वास सुटलाय.” तेव्हा कुठे त्यांनी दुधाच्या पातेल्याकडे पाहिलं.

आज घरून निघताना ती म्हणाली होती, “सांगून टाका की. शेवटचाच तर दिवस.”

“शेवटचाच आहे म्हणून नाही सांगायचं.”

त्यांना पहिली संध्याकाळ जशीच्या तशी आठवत होती. वास आठवणीतून सांगता येणार होते. क्रम तेवढा चुकायला नको होता. म्हणून ग्लास त्यांनी स्वतःच्या हाताने भरले होते. डावीकडे बर्बन, मध्ये शेरी, उजवीकडे मिझुनारा.

“आधी व्हॅनिला येईल,” ते आता आपला ग्लास नाकाला लावून म्हणाले. “मग मध. आणि मागून पिकलेलं केळं सोलताना येतो तसा वास.”

“अगदी अगदी,” वकिलीणबाई म्हणाल्या. “व्हॅनिला तर सरळ नाकात शिरतोय.”

“केळं आहे,” छापखानेवाल्यांनी मान डोलावली. “चांगलं पिकलेलं.”

डॉक्टरांनी ग्लास नाकापासून हलवला नव्हता. “मला काही व्हॅनिला लागत नाही बुवा. मला चंदन येतंय.”

“चंदन तिसऱ्यात, डॉक्टर,” वकीलसाहेब म्हणाले. “लोकांना भूल देता देता तुमचंच नाक बधिर झालंय.”

सगळे हसले. डॉक्टरही हसले. “असेल. मला आपलं खोकल्याचं औषध तेवढं कळतं.” त्यांनी ग्लास खाली ठेवला.

उस्तादांनी त्या ग्लासाकडे पाहिलं. भरताना ते टेबलाच्या याच बाजूला उभे होते. त्यांचं डावं म्हणजे समोरच्यांचं उजवं. इतक्या वर्षांत बाजू लक्षात ठेवायची वेळच आली नव्हती. ग्लास नाकाखाली धरला की झालं.

हे कुणालाही कळणार नव्हतं. मधला ग्लास दोन्हीकडून मधलाच होता. तिसऱ्यात चंदन आहे म्हटलं असतं तर तिघांना ते सापडलंही असतं. डॉक्टर आणखी एक थट्टा घेऊन घरी गेले असते, आणि त्यांना त्याची सवय होती.

डॉक्टरांनी निमूटपणे मधल्या ग्लासाकडे हात नेला.

“थांबा,” उस्ताद म्हणाले. “डॉक्टर बरोबर आहेत. तो मिझुनाराच आहे. मी माझ्या बाजूने डावं-उजवं धरलं.”

“पण तुम्ही तर आमच्याबरोबर वास घेत...” वकीलसाहेब थांबले.

“नुसता ग्लास नाकाला लावत होतो. तापात वास गेला तो परत आला नाही. आजचा दिवस निभावून नेईन म्हटलं.”

वकिलीणबाईंनी आपला ग्लास हळूच खाली ठेवला.

“मग मी केळं कुठून आणलं?” छापखानेवाल्यांनी विचारलं. आधी हसले ते उस्तादच, मग बाकीचे.

डॉक्टरांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली. “इकडे या. बसा.”

गिऱ्हाइकांच्या बाजूला उस्ताद कधी बसले नव्हते. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. डॉक्टरांनी पुन्हा डावीकडचा ग्लास उचलला.

“चंदन आहे. त्याच्या मागे आणखी काहीतरी आहे. मला नावं नाही हो येत.”

“नाव राहू द्या. तो वास घेताना कुठे उभे आहात तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. “आईचं कपाट उघडलंय. वरचा खण. लोकरीचे कपडे ठेवायची ती तिथे.”

“हवा दमट की कोरडी?”

“कोरडी. आणि खोलीत कुणीतरी आत्ताच पेन्सिल तासलीय.”

पेन्सिलचा वास त्या पहिल्या संध्याकाळी उस्तादांनाही आला होता. तेव्हा त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता.

“आता थेंबभर पाणी घाला,” ते म्हणाले. “आणि परत बघा.”

डॉक्टरांनी पाणी घातलं, वास घेतला आणि ग्लास उस्तादांपुढे केला. उस्तादांनी तो दोन्ही हातांत धरून नाकापाशी नेला, आणि डॉक्टरांच्या बोलण्याची वाट पाहत डोळे मिटले.